तळाची अक्षरं : पाच दिवस आणि बिडाच्या टपालपेट्या

मी टपाल खात्यात चौतीस वर्षं काउंटरवर काढली. ह्यांनी जवळपास तेवढीच कोल्हापुरात, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत. त्यामुळे लेकीनं बर्मिंगहॅमहून फोनवर विचारलं, "आई, या खेपेला काय बघायचं?" तेव्हा मी "टपालपेट्या" म्हटलं आणि हे चक्क "चालेल की" म्हणाले. जावयाला वाटलं, सासूबाई गंमत करताहेत.

गंमत नव्हती. निवृत्तीच्या चार वर्षं आधी आमच्या ऑफिसच्या दारातली जुनी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पेटी मी माझ्या हातानं निकालात काढली होती. दाराची बिजागरी तुटलेली, किल्ली हरवलेली, त्यात रस्ता रुंद होणार. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, शेरा ठरलेलाच असतो, 'अनसर्व्हिसेबल', म्हणजे निकामी. तो मी लिहिला, साहेबांनी सही केली. भंगारवाल्याच्या चार माणसांना पेटी हलेना. एक जण म्हणाला, "बाई, ही जमिनीतपण हाय." खरंच, चांगली हातभर खाली गाडलेली होती. तिच्या जागी पत्र्याची आली, ती तिसऱ्या पावसाळ्यात खालून कुजली. जुनीच्या तळाशी उठावाची काहीतरी अक्षरं होती. रोज तिच्या बाजूनं गेले, पण वाकून कधी वाचली नाहीत. म्हणून या वेळी ठरवलं की दिसेल त्या पेटीपाशी आधी वाकायचं.

पहिला दिवस : लंडन

सकाळच्या गाडीनं युस्टन, तिथून चालत क्लार्कनवेल. टपाल संग्रहालय २०१७ मध्ये सुरू झालं, माउंट प्लेझंटच्या जुन्या सॉर्टिंग ऑफिसला लागूनच. आत शिरल्यावर हे एकदम गप्प झाले. समोर पेट्याच पेट्या. हिरवी, लाल आणि एक निळीसुद्धा. निळी १९३० च्या दशकातली, फक्त हवाई टपालासाठी. आपल्याकडे मोठ्या शहरांत स्थानिकला हिरवी, महानगरांना निळी असा प्रकार असायचा, त्याची आठवण झाली. लोक आपले बघून न बघता हाताला येईल त्या पेटीत टाकायचे आणि ती निस्तरायची आम्ही.

गोष्ट सुरू होते ती लंडनमध्ये नाही, इंग्लिश खाडीतल्या बेटांवर. ॲन्थनी ट्रॉलप हे नाव लोकांना कादंबरीकार म्हणून ठाऊक, पण पोटापाण्याला तो टपाल खात्यात होता. जर्सी आणि गर्न्झी बेटांवरच्या टपालाची पाहणी करायला त्याला पाठवलं. बोट भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून, त्यामुळे टपाल कधी निघेल याचा नेम नाही. लोकांनी पत्र घेऊन पोस्टात खेपा का घालायच्या? फ्रान्समध्ये रस्त्यावर पेट्या असतात, तशा इथं लावून बघू, असं त्यानं सुचवलं. २३ नोव्हेंबर १८५२ ला जर्सीच्या सेंट हेलियरमध्ये पहिल्या चार लागल्या. पुढच्या वर्षी गर्न्झीत लागल्या, त्यांतली एक सेंट पीटर पोर्टच्या युनियन स्ट्रीटवर आजही पत्रं घेते. साधा विचार आहे, पण कचेरीत बसून सुचणारा नाही. बंदरावर ताटकळलेल्या माणसालाच सुचेल.

मग प्रत्येक भागाच्या सर्व्हेअरनं, म्हणजे टपालाच्या विभागीय अधिकाऱ्यानं, आपापल्या डोक्यानं पेट्या ओतून घ्यायला सुरुवात केली. कुणी षटकोनी, कुणी अष्टकोनी, कुणी थेट देवळाचा खांब. लंडनसाठी १८५७ मध्ये कलेच्या खात्यानं एक भरजरी नमुना काढला, ग्रीक वेलबुट्ट्यांनी मढवलेला. त्यात एकच गोष्ट राहिली, पत्र टाकायची फट. ती नंतर जागेवर लोखंड कापून पाडावी लागली. हे वाचून मला इतकं हसू आलं की शेजारची शाळेची पोरं बघायला लागली. सरकारी समिती कुठलीही असो, तिचा घाट एकच.

पेट्या आधी हिरव्या होत्या, झाडाझुडपांत शोभाव्यात म्हणून. इतक्या शोभल्या की लोकांना सापडेनात. मग १८७४ पासून लाल रंग द्यायला घेतला आणि सगळा देश रंगवून व्हायला दहा वर्षं लागली.

ह्यांचं लक्ष मात्र दारांवर. प्रत्येक पेटीच्या दारावर त्या वेळच्या राजाची किंवा राणीची आद्याक्षरं उठावात असतात. आर म्हणजे लॅटिनमधला राजा किंवा राणी. व्हिक्टोरियाचं व्ही आर, पाचव्या जॉर्जचं नुसतं जी आर, एलिझाबेथचं ई दोन आर. "बघ, अंग तेच ठेवलंय," हे म्हणाले. "राजा मेला की दाराचा पॅटर्न तेवढा बदलायचा. बाकी साचा तसाच." पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचा नमुना. फौंड्रीवाल्याला राज्यक्रांतीसुद्धा पॅटर्नमधला बदल वाटते. आठवा एडवर्ड १९३६ चं वर्षही पुरं न करता पायउतार झाला, तरी तेवढ्यात त्याच्या नावाच्या दीडशेच्या आसपास खांबपेट्या ओतून झाल्या होत्या. त्या शोधत लोक देशभर फिरतात म्हणे. तिसऱ्या चार्ल्सच्या आद्याक्षरांची पहिली पेटी लागली ती केंब्रिजजवळ ग्रेट केम्बोर्नला, जुलै २०२४ मध्ये.

दुपारी जमिनीखालच्या टपालगाडीत बसलो. १९२७ ते २००३ पर्यंत लंडनच्या पोटात ड्रायव्हरशिवाय टपाल वाहत होती. गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. ह्यांच्या गुडघ्यांनी संध्याकाळपर्यंत त्याची आठवण ठेवली.

बाहेर पडून रस्त्यावरच्या पेटीत पहिलं कार्ड टाकलं. पत्ता आमचाच, मजकूर म्हणजे फक्त पेटीच्या तळाशी वाचलेलं, ती ओतणाऱ्याचं नाव. ठरवलं, रोज एक.

दुसरा दिवस : बाथ

बाथ म्हणजे मधाच्या रंगाचा दगड. सगळं शहर एकाच खाणीतून काढल्यासारखं. ग्रेट पल्टनी स्ट्रीटवर आम्ही आलो ते पेनफोल्डसाठी. जॉन पेनफोल्ड हा वास्तुविशारद, त्याची १८६६ पासूनची षटकोनी पेटी. डोक्यावर पाकळ्यांची टोपी आणि वर मिटलेली कळी, अंगावर राजचिन्ह आणि व्ही आर. या रस्त्यावर त्या अजून उभ्या आहेत आणि वारसा म्हणून सरकारी यादीत आहेत. ह्यांनी बोटानं कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. साच्याच्या भागांची जोडरेषा शोधत होते. रंगाचे इतके थर की नखाला काही लागेना. पाकळ्यांच्या टोकाशी मात्र थांबले. "ही पाकळी वाळूतून न मोडता काढायची म्हणजे पॅटर्नमेकर खरा," असं म्हणून त्यांनी पेटीला नमस्कारासारखं काहीतरी केलं. मला बघताना पाहून हात खिशात घातला.

आणि तेवढ्यात लाल गाडी आली.

खाकी नाही, अर्ध्या चड्डीतला पन्नाशीचा माणूस, कमरेला साखळीला किल्ल्यांचा जुडगा. मी पुढं झाले. माझं इंग्रजी काउंटरवरचं, पण "मीसुद्धा पोस्टातलीच" एवढं कळलं त्याला. तो हसला आणि बाजूला सरकला, म्हणजे बघा. दार उघडलं. आत तारेची जाळी, पत्रं एकदम पायावर पडू नयेत म्हणून. खाली दहा-बारा पाकिटं, एक वाढदिवसाचं गुलाबी. त्यानं ती थैलीत ओतली आणि मग हात आत घालून कोपरे चाचपले, सहाच्या सहा. डोळे माझ्याकडे, हात आत. ही सवय मी ओळखली. षटकोनी पेटीत पत्र कोपऱ्यात अडकतं अशी तक्रार तेव्हापासूनची, म्हणून तर १८७९ मध्ये पुन्हा गोल पेट्यांवर यावं लागलं. त्या गोल पेट्यांच्याही पहिल्या खेपेत फट इतकी वर ठेवली की पत्र टोपीखाली अडकायचं. मग ती खाली आणली. सांगायचं म्हणजे पेटीचा आकार शेवटी कलावंतानं ठरवला नाही, अडकलेल्या पत्रांनी ठरवला.

जाता जाता त्यानं दाराजवळच्या खाचेतली छोटी पट्टी बदलली, पुढची वेळ कधीची ते सांगणारी. आमच्याकडे तिला अवर प्लेट म्हणायचे. प्लेट बदलली नाही म्हणजे पेटी उघडलीच नाही, असा साधा हिशोब. पोस्टमनांवर देखरेख करणारा ओव्हरसियर तेवढ्यासाठी चक्कर मारायचा, कधी तपासणीसाठी टेस्ट लेटर टाकून ठेवायचा. आता पेटीत बारकोड आणि हातात मोबाइल. चोरी पकडायची रीत बदलली, एवढंच.

संध्याकाळी लेकीनं फोनवर शोधून वाचून दाखवलं. ब्रिटनमध्ये १,१५,००० पेट्या आहेत. टपाल कंपनी आणि इंग्लंडची वारसा संस्था यांनी २००२ मध्ये मिळून धोरण ठरवलं, की पेटी जिथं आहे तिथंच, वापरात ठेवायची, अगदी नाइलाज असेल तरच हलवायची. मला त्यातलं 'वापरात' महत्त्वाचं वाटलं. वारसा म्हटलं की आपल्याकडे आधी कुलूप आणि मग कुंपण येतं. जावई म्हणाला, २०२५ पासून साडेतीन हजार पेट्यांना सौरपट्टी आणि पार्सलसाठी खण बसवायचं चाललंय. लेक नाक मुरडून म्हणाली, "विद्रूप दिसेल." मला तसं वाटत नाही. जुन्या वाड्याला संडास जोडला म्हणून वाडा बाटत नाही, उलट त्यात माणसं राहतात.

तिसरा दिवस : होलवेल, डॉर्सेट

आजचा दिवस एका पेटीसाठी. बाथहून शेरबोर्नकडे, मग त्याच्याही आत. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी पाव किलोमीटर मागे जायचं. जावई दोनदा मागे गेला, तिसऱ्यांदा ट्रॅक्टरवाला गेला. वाटेत एका गावात पेटीच्या डोक्यावर लोकरीची विणलेली टोपी, तिच्यावर विणलेली मेंढरं आणि गाजरं. ही इथली नवी हौस. गावातल्या बायका रात्री जाऊन चढवतात. टोपी ओली होऊन एका मेंढराचं तोंड खाली लोंबत होतं.

बार्न्स क्रॉस म्हणजे फक्त एक तिठा. दुकान नाही, चर्च नाही. आणि कुंपणाला टेकून ती, शिडशिडीत, अष्टकोनी, लाल. फट आडवी नाही, उभी, देवघराच्या दानपेटीसारखी. १८५३ ते १८५६ च्या दरम्यानची, ग्लॉस्टरच्या जॉन बट यांच्या फौंड्रीत ओतलेली. बेटं सोडून ब्रिटनच्या मुख्य भूमीवर अजून वापरात असलेली ही सर्वांत जुनी समजतात. आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव व्हायचा होता तेव्हा हिच्यात पत्रं पडू लागली होती. त्यातली काही आपल्याकडच्या छावण्यांतल्या मुलांनाही असतील, असं मनात आलं आणि जरा विचित्र वाटलं.

मी वाकले. गवत बाजूला केलं. ह्यांनी टॉर्च धरला, जावयानं छत्री, कारण पाऊस सुरू झाला होता. एवढ्या थाटात कुणाचं कीर्तनसुद्धा ऐकलं नसेल. रंगाखाली अक्षरांचे नुसते उंचवटे. डोळ्यांनी लागेनात, तर डोळे मिटून बोटांनी लावायला लागले. काउंटरवर अस्पष्ट शिक्का असाच वाचायचो, तिरका धरून, उजेडाकडे. ह्यांनी बोटाच्या मागच्या हाडानं पेटीवर टकटक केलं. "बद्द वाजतंय बघ. बीड असंच वाजतं. पोलादासारखं घुमत नाही." मग म्हणाले, "दीडशे वर्षं पावसात उभं आहे. गंज वरवर धरतो, आत शिरायला वेळ घेतो. तुमच्या पत्र्याच्या पेटीला शिरोलीत आम्ही तीन वर्षांची गॅरंटी दिली नसती."

तुमच्या. मी काही बोलले नाही.

कार्ड उभं धरून उभ्या फटीत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे आत दुसरी पत्रं असावीत. या निर्जन तिठ्यावर!

चौथा दिवस : चेल्टनहॅम, वॉरिक

चेल्टनहॅममध्ये पुन्हा पेनफोल्ड, बऱ्याच. १९८९ पासून जुन्या साच्यावर बेतलेल्या नव्या पेनफोल्डही देशात ठिकठिकाणी लावल्यात, म्हणून दरवेळी खात्री करून घ्यावी लागते. तासाभरात तीन बघितल्या, चहा घेतला, निघालो. खरं सांगायचं तर चौथ्या पेनफोल्डनंतर मलाही कंटाळा आला.

वॉरिकनं तो घालवला. गावाला मध्ययुगातल्या दोन वेशी आहेत, पूर्वेची आणि पश्चिमेची, आणि दोन्हींपाशी १८५६ ची एकेक पेटी. पेटी कसली, ग्रीक देवळाचा असतो तसा डोरिक खांब! वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी, डोक्यावर चौथरा, मधेच उभी फट. बर्मिंगहॅमच्या ईगल फौंड्रीत ओतलेली. म्हणजे लेकीच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आतलं काम. ह्यांना हलवणं अवघड झालं. प्रत्येक पन्हळीत बोट घालून खाली उतरत होते. "इतक्या पन्हळी, आणि प्रत्येकीला उतार द्यावा लागला असणार, नाहीतर पॅटर्न निघताना वाळू ढासळते. याचा साचा दोन भागांत होणं शक्य नाही. किती तुकडे केले असतील?" वेशीतून बाहेर येणारी एक म्हातारी थांबून ऐकत होती. मराठीत. शेवटी तिनं आपलं पाकीट दाखवलं, म्हणजे जरा बाजूला व्हा, टाकायचंय. हे "सॉरी सॉरी" करत सरकले.

मला तेच हवं होतं बघायला. १८५६ चा खांब आणि विजेच्या बिलाच्या तक्रारीचं पाकीट. तक्रारीचंच असावं, कारण तिनं ते जोरात ढकललं.

पाचवा दिवस : मँचेस्टर

हा दिवस ह्यांच्या हट्टाचा. लंडनला त्यांनी एडिंबराची गोष्ट वाचली होती. १९५२ च्या नोव्हेंबरात तिथल्या इंच नावाच्या वस्तीत एलिझाबेथच्या आद्याक्षरांची नवी पेटी लागली. स्कॉटलंडवर आधी कुणी एलिझाबेथ राज्य करून गेलेलीच नाही, मग ही 'दुसरी' कशी, यावरून लोक चिडले. तोडफोड झाली, आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये आत स्फोटकं ठेवून पेटीच उडवली. पुढं स्कॉटलंडमधल्या पेट्यांवर आद्याक्षरं न घालता नुसता स्कॉटलंडचा मुकुट घालू लागले. आयर्लंडनं १९२२ नंतर वेगळा मार्ग धरला. त्यांनी लाल पेट्यांना हिरवा रंग फासला आणि व्ही आर तसंच ठेवलं. खर्चही वाचला, रागही निघाला.

मँचेस्टरच्या कॉर्पोरेशन स्ट्रीटवर १५ जून १९९६ ला गाडीत ठेवलेला सुमारे १,५०० किलोचा बॉम्ब फुटला. आजूबाजूच्या इमारती गेल्या, दोनशेहून जास्त माणसं जखमी झाली, आधी सूचना मिळून परिसर रिकामा केला म्हणून जीव वाचले. आणि काही पावलांवरची लाल पेटी उभी राहिली. तिच्यावर आता पितळी पाटी आहे. चौक नवा, काचा नव्या, पेटी तीच.

मी पाटी वाचत होते, हे पेटीभोवती फिरत होते.

"एकीला चार पैशांच्या सुतळी बॉम्बनं उडवलं आणि दुसरी दीड टनाला दबली नाही, का सांगू?"

"सांगा." नाही म्हटलं असतं तरी सांगितलं असतंच.

"एडिंबराला आतून ताण आला. बिडाला ताण सोसत नाही, तडकतं. इथं बाहेरून दाब आला. दाब बीड हसत हसत घेतं. त्यात गोल अंग, हवा दोन्हीकडून निघून गेली. आणि पाय जमिनीत."

खरं-खोटं तज्ज्ञ सांगतील. मला 'पाय जमिनीत' ऐकून भंगारवाल्याची माणसं आठवली. दोरखंड, पहारी आणि तासाभरानं जमिनीत उरलेला तो मातीचा गोल खड्डा.

शेवटचं कार्ड टाकलं. आज तळाचं नाव ह्यांनीच वाचलं, गुडघ्यांसकट वाकून.

परत आल्यावर

आमचा पोस्टमन माझ्या हाताखाली तयार झालेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन कार्डं एकदम घेऊन आला, "मॅडम, स्वतःलाच पत्रं?" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. लंडन, बाथ, मँचेस्टर. चौथं वॉरिकचं, दोन दिवसांनी. शिक्के सगळे मशीनचे, मोठ्या केंद्राचे. कुठल्या पेटीतून आलं ते त्यावरून कळत नाही, माझ्या मजकुरावरूनच कळतं.

होलवेलचं महिनाअखेरीस आलं. पत्ता कसाबसा लागत होता, मजकुराची शाई पसरून निळा डाग झालेला. तिकडचा पाऊस उभ्या फटीतून आत गेला, की आमच्याकडच्या मृगाचा थैलीत शिरला, कळायला मार्ग नाही. पोस्टमन म्हणाला, "तक्रार लिहू का, मॅडम?" मी कार्ड तिरकं धरलं, उजेडाकडे. 'बट' एवढं लागलं.

"नको," म्हटलं. "वाचता येतंय."